जुनी स्नोमोबाईल कशी निवडावी आणि ट्रेलसाठी कशी तयार करावी?



गुलमर्गला किंवा मनालीजवळ सोलांगला सहलीला गेलेल्या मुलांनी बर्फावरची ‘स्नो स्कूटर’ पाहिलेली असते. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा. तिचं खरं नाव स्नोमोबाईल. आपल्याकडे ती दहा मिनिटांची मजा. पण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात घराघरातून ती बाहेर निघते. तिथे तिच्यासाठी 22 हजार मैलांहून जास्त लांबीच्या वाटा, म्हणजे ट्रेल, राखलेल्या आहेत. पोलारिस कंपनी 1954 साली तिथल्याच रोझो गावात सुरू झाली. तिथे राहणारे कुणी मराठी पालक जुनी गाडी घ्यायच्या विचारात असतील तर हा लेख त्यांच्या कामाचा आहे. इथल्या शिक्षकांना यात विज्ञानाचा एक चांगला पाठ सापडेल.

ही गाडी आली कुठून?

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मंड बाँबार्डिए नावाचा मेकॅनिक राहायचा. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, दवाखान्यात नेता आलं नाही आणि मूल गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग तो आधीपासून करत होता. पुढे 1937 मध्ये त्याला पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रणेचं पेटंट मिळालं आणि 1959 मध्ये त्याची छोटी ‘स्की-डू’ बाजारात आली.

ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच, की उणे वीस अंशात, रस्त्यापासून लांब, जंगलात गाडी बंद पडली तर आजही जिवावर बेतू शकतं. म्हणून जुनी गाडी बघताना प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा: हा भाग मला घरी परत आणेल का? रंग आणि स्टिकर नंतर बघू.

ती बर्फात रुतत का नाही?

मुलांना फळ्यावर हे गणित करून दाखवा. गाडी साधारण 250 किलो, चालक 80 किलो, एकूण 330 किलो. पट्टा 38 सेंटिमीटर रुंद, त्याचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे 110 सेंटिमीटर. क्षेत्रफळ झालं 4180 चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम 0.08 किलो भार. आता तोच माणूस चालताना एका बुटावर उभा राहतो. बुटाचा तळ 250 चौरस सेंटिमीटर धरला तर भार येतो 0.32 किलो, म्हणजे चौपट! माणूस रुततो, गाडी तरंगते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र मग पाठ करावं लागत नाही.

विकत घेण्याआधी काय तपासायचं?

1. थंड इंजिन. विकणाऱ्याला आधीच सांगा, ‘आम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका.’ गेल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर का ते विचारा. गरम इंजिन सहज सुरू होतं, खोड कळते ती थंडीत.

2. कॉम्प्रेशन. स्पार्क प्लग काढून तिथे गेज लावतात आणि इंजिन फिरवून दाब मोजतात. दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिनाचं मोठं काम निघू शकतं. हे स्वतः जमत नसेल तर मेकॅनिकला सोबत न्या.

3. पट्टा. मागची बाजू उचलून पट्टा हाताने पूर्ण फिरवा. फाटलेल्या कडा, तुटलेले रबरी दात दिसतात का? आतल्या चाकांचे बेअरिंग खरखरतात का, तेही कळतं.

4. सांगाडा. पट्ट्यावरचा ॲल्युमिनियमचा बोगदा आणि पुढचे स्कीचे दांडे वाकलेले असतील, तर गाडी कुठे तरी आदळलेली आहे.

5. कागदपत्रं. सांगाड्यावरचा क्रमांक आणि नोंदणीवरचा क्रमांक जुळलाच पाहिजे.

कमी चाललेली गाडी चांगलीच असते, असं नाही हं. वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहिलेल्या गाडीत पेट्रोल खराब होतं आणि उंदीर वायरी कुरतडतात.

घरी आणल्यावर

- बेल्ट बघा. गिअर नसलेल्या आपल्या स्कूटरसारखीच इथेही इंजिनाची ताकद बेल्टवरून जाते. तो तुटला की गाडी जागेवर थांबते. एक जादा बेल्ट कायम गाडीत ठेवा आणि तो बदलायचा सराव घरीच करा.
- पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांची झीज तपासा. उडणारा बर्फच त्यांना थंड ठेवतो. उघड्या कडक बर्फावर लांब पळवलं की त्या वितळायला लागतात.
- स्कीखालच्या कार्बाइडच्या धारा झिजल्या असतील तर बदला. नाहीतर वळणावर हँडल वळतं, गाडी सरळच जाते.
- पट्ट्याचा ताण आणि सस्पेन्शन आपल्या वजनाप्रमाणे, गाडीच्या पुस्तिकेत बघून लावा.
- थ्रॉटल सोडल्यावर झटकन मागे येतो का, ब्रेक लागतो का, आणि जाकिटाला अडकवायची सुरक्षादोरी ओढली की इंजिन बंद होतं का, हे दर वेळी निघण्याआधी बघा.

पालकांसाठी खास

मिनेसोटात 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्या रहिवाशांना गाडी चालवण्याआधी सुरक्षा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मुलाबरोबर आई-बाबांनीही तो अभ्यासक्रम करावा. हेल्मेट सगळ्यांनीच घालावं. गोठलेल्या तळ्यावर जाण्याआधी बर्फाची जाडी मोजा. स्नोमोबाईलसाठी नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान 5 ते 7 इंच हवा. पांढरट बर्फ कमजोर असतो, त्याची जाडी दुप्पट हवी. आणि एकट्याने जायचं नाही.

वर्गात विचारा

1. पट्टा अर्ध्या रुंदीचा केला तर दाब किती होईल?
2. उडणारा बर्फ पट्टीला थंड कसा ठेवतो?
3. घरातली एखादी जुनी वस्तू, सायकल किंवा पंखा, विकत घ्यायची आहे असं समजा. ती वापरताना काय बिघडलं तर सगळ्यात जास्त धोका आहे? तपासण्यांची यादी त्याच क्रमाने लिहा.

तिसऱ्या प्रश्नाला मुलांना भरपूर वेळ द्या. वस्तू बघताना आधी धोक्याचा विचार करायची सवय लागली, तर ती सायकल घेतानाही उपयोगी पडेल आणि पुढे मोटार घेतानाही.