दुर्मीळ दाहविकारांचे निदान : एमआरआयला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड

एका डोळ्याची दृष्टी अचानक मंदावणे, दोन-चार दिवसांत पायांतील बळ जाणे किंवा काही केल्या न थांबणारी उचकी आणि उलट्या ही लक्षणे वरकरणी वेगवेगळ्या आजारांची वाटतात. मात्र ती ‘न्यूरोमायलायटिस ऑप्टिका’ या एकाच दुर्मीळ विकाराची असू शकतात. या विकारात प्रतिकारयंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते आणि डोळ्याची नस, मज्जारज्जू व मेंदूचा काही भाग यांचा दाह होतो. वेळेत उपचार न झाल्यास अंधत्व वा पांगळेपण कायमचे राहू शकते. अशा विकारांच्या निदानासाठी एमआरआय चित्रणाला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देण्याचे संशोधन विविध देशांत सुरू आहे.

नावातील फरक महत्त्वाचा

फ्रान्समधील युजीन देविक यांनी १८९४ साली या विकाराचे वर्णन केले. त्यानंतर दीर्घकाळ तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच प्रकार मानला जात असे. २००४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील विशिष्ट प्रतिपिंड दाखवून दिले. ते ‘ॲक्वापोरिन-४’ या प्रथिनावर हल्ला करते, हे पुढच्या वर्षी स्पष्ट झाले. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील इंटरफेरॉन बीटासारख्या काही औषधांनी हा विकार उलट बळावू शकतो. त्यामुळे निदान चुकल्यास उपचारच घातक ठरण्याचा धोका असतो.

चित्रात काय दिसते?

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जारज्जूवरील डाग बहुधा आखूड असतात. न्यूरोमायलायटिसमध्ये तो अनेकदा सलग तीन किंवा अधिक मणक्यांच्या लांबीचा असतो. प्रत्येक रुग्णात मात्र हा भेद इतका ठळक नसतो. येथे संगणकप्रणाली उपयोगी पडते. ती डागांची जागा, आकार आणि लांबी मोजते, जुन्या चित्राशी तुलना करते आणि कोणत्या विकाराची शक्यता अधिक, हे सुचवते.

यंत्राची मर्यादा

कृत्रिम बुद्धिमत्ता उदाहरणांवरून शिकते. मुंबईस्थित ‘क्युअर डॉट एआय’च्या संशोधकांनी २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या सीटी स्कॅनविषयीच्या अभ्यासासाठी तीन लाखांहून अधिक स्कॅन हाताशी होते. दुर्मीळ विकारांच्या अभ्यासात हीच संख्या अनेकदा काही शेकड्यांवर थांबते. शिवाय एका रुग्णालयातील यंत्राच्या चित्रांवर शिकलेली प्रणाली दुसऱ्या ठिकाणी चुकू शकते. म्हणून तिचा निष्कर्ष हा इशारा ठरतो, निदान नव्हे. प्रतिपिंडांची रक्तचाचणी आणि मेंदूविकारतज्ज्ञाची तपासणी यांना पर्याय नाही.

या दृष्टीने मंगळूर येथील कार्य मोलाचे आहे. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. लेखा पंडित यांच्या पुढाकाराने तेथे अशा विकारांच्या रुग्णांची नोंदवही उभी राहिली आणि प्रतिपिंडांच्या चाचणीची सोयही झाली. अशा काटेकोर नोंदी वाढल्या, तरच भारतीय रुग्णांवर विसंबता येईल अशी प्रणाली घडू शकेल.

अणशीपासून इस्पितळापर्यंत

गोव्याच्या सीमेलगतच्या जोयडा तालुक्यातील अणशी हे काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातील गाव. तेथील रुग्णाला मोठ्या इस्पितळासाठी घाट उतरून कारवार आणि पुढे बांबोळी किंवा मंगळूर गाठावे लागते. या प्रवासात जाणारा प्रत्येक दिवस मज्जारज्जूची हानी वाढवू शकतो. एमआरआयची चित्रे मात्र क्षणात दूरच्या तज्ज्ञाकडे पोहोचू शकतात; संशयास्पद चित्र प्रणालीने आधी पुढे केले, तर ते तज्ज्ञाच्या नजरेस लवकर पडेल. पण त्यासाठी गावपातळीवरील डॉक्टरला लक्षणांचा संशय येऊन त्याने रुग्णाला वेळीच पुढे पाठवले पाहिजे.

रुग्णांनीही केवळ अहवालाचा कागद न ठेवता एमआरआयची सीडी जपून ठेवावी. दृष्टी वा पायांचे बळ अचानक गेल्यास, ते आपोआप बरे झाले तरी, तपासणी टाळू नये. पुढच्या निदानात ती जुनी नोंदच निर्णायक ठरू शकते.