जन्मजात बहिरेपणावरील जनुकोपचार

सदोष जनुकामुळे जन्मतःच बहिऱ्या असलेल्या बालकाच्या अंतर्कर्णात त्या जनुकाची निर्दोष प्रत पोहोचवून श्रवणक्षमता निर्माण करण्याचा उपचार. बहिरेपणास कारणीभूत होणारी जनुके शंभराहून अधिक आहेत. तथापि मुलांमध्ये या उपचारास यश आले आहे ते मुख्यतः ओटीओएफ या एकाच जनुकाच्या बाबतीत.

हे जनुक १९९९ मध्ये पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ओळखले गेले. त्याच्यापासून ओटोफर्लिन हे प्रथिन तयार होते. ध्वनीने उद्दीपित झालेल्या आतील केशकोशिकांतून श्रवण तंत्रिकेकडे रासायनिक संदेश सोडला जातो तो या प्रथिनामुळे. ते नसल्यास केशकोशिका शाबूत, तंत्रिकाही शाबूत आणि तरी मेंदूपर्यंत काहीच पोहोचत नाही. उपचारास हा दोष सोयीचा ठरला; कारण इतर अनेक प्रकारांत केशकोशिकाच नष्ट होतात व मानवात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. निदानात मात्र हीच गोष्ट घातक ठरते. नवजात अर्भकांची तपासणी पुष्कळ ठिकाणी कानातून परत येणारा सूक्ष्म ध्वनी मोजून करतात. तो बाहेरील केशकोशिकांपासून उत्पन्न होतो व त्या या मुलांत सुरुवातीस कार्यक्षम असतात. त्यामुळे पूर्ण बहिरे मूलही निर्दोष ठरून घरी जाते आणि भाषा शिकण्याचा मोलाचा काळ वाया जातो. मस्तिष्क स्तंभाचा विद्युत् प्रतिसाद मोजल्यास दोष उघडकीस येतो.

जनुक वाहून नेण्यासाठी निरुपद्रवी केलेला ॲडिनो-संलग्न व्हायरस वापरतात. त्यात सु. ४,७०० क्षारकांचाच मजकूर मावतो, तर या जनुकाचा आवश्यक भाग सु. ६,००० क्षारकांचा आहे. म्हणून त्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या व्हायरसांतून नेतात. ते कोशिकेत एकत्र येऊन पूर्ण प्रथिन बनते. मुलास भूल देऊन गोल गवाक्षातून हे द्रव्य अंतर्कर्णात सोडतात.

शांघाय येथील फूदान विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार केलेल्या सहा मुलांपैकी पाच जणांना ऐकू येऊ लागल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत १२ पैकी ९ मुलांनी ठरविलेली श्रवणपातळी गाठली. या प्रकारात श्रवण तंत्रिका शाबूत असल्याने कॉक्लिअर इम्प्लांटही चांगला उपयोगी पडतो व अनेक वर्षांच्या अनुभवाचे पाठबळ त्यामागे आहे. जनुकोपचाराच्या परिणामांची नोंद अद्याप थोड्याच वर्षांची आहे. त्यामुळे लहान मुलाच्या पालकांपुढील निवड वाटते तितकी सोपी नाही. शिवाय, बहिरेपणा हा रोगच नव्हे असे मानणाऱ्या व खुणांची भाषा वापरणाऱ्या समाजाचा अशा उपचारांवरील आक्षेप दुर्लक्षणीय नाही.