पाटणचा गणित-मठ आणि ‘लीलावती’तील कोडी

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण हे प्राचीन स्थान आहे. आज ते पाटणादेवी या नावाने भाविकांना आणि गौताळा अभयारण्यात येणाऱ्या पर्यटकांना परिचित आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी येथे एक मठ स्थापन झाला. भास्कराचार्यांचे व त्यांच्या कुळातील विद्वानांचे ग्रंथ शिकवणे हे त्याचे प्रयोजन होते. या ग्रंथांपैकी ‘लीलावती’ हा गणिताचा पाठ्यग्रंथ असून गमतीदार कोड्यांचे भांडारही आहे. गणिताची गंमत आणि गणिताचा व्यवहार खान्देशात एकत्र कसे नांदले, हे या मठाच्या व ग्रंथाच्या इतिहासावरून समजते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड, असे ते स्वतः सांगतात. हे गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांच्या कुळाचा पाटणशी असलेला संबंध मात्र शिलालेखाने सिद्ध होतो.

हा लेख पाटणच्या देवीमंदिरात डॉ. भाऊ दाजी लाड यांना आढळला आणि एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आला. त्यात त्रिविक्रमापासून भास्कराचार्यांपर्यंतची वंशावळ आहे. भास्करपुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने याच नगरातून नेऊन आपल्या पंडितांचे प्रमुख केले, अशी नोंद त्यात आहे. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे राजज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनी मठ स्थापला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ कुळातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये, इ.स. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी त्याला दान दिले.

लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला, तरी दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला ग्राहकाकडून जो भाग मिळे, तो मठाला दिलेला आहे. तेलाच्या घाण्यांमागे पळीने तेल ठरवून दिले आहे. जे धान्य मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे आणि मापणावळीचा अर्धा वाटा मठाने व अर्धा मापाऱ्याने घ्यावा, अशीही व्यवस्था आहे. अर्थात, जेथे अपूर्णांक शिकवले जात, त्या मठाचा खर्च पेठेतल्या अपूर्णांकांवरच चाले.

या व्यवहाराचे प्रतिबिंब ‘लीलावती’त प्रथमपासून दिसते. ग्रंथाच्या आरंभीच नाणी, वजने व मापे यांची कोष्टके येतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म. पुढे अपूर्णांकांच्या प्रकरणात एक कंजूष दाता भेटतो. याचकाला तो द्रम्माच्या निम्म्याच्या दोन-तृतीयांशाच्या तीन-चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग देतो. तर त्याने किती कवड्या दिल्या? सर्व अपूर्णांकांचा गुणाकार १/१२८० येतो, आणि एका द्रम्माच्या कवड्याही १२८०च होतात. एवढ्या लांबलचक दानाचे मूल्य अवघी एक कवडी! प्रभागजाती, म्हणजे भागाचा भाग, शिकवता शिकवता आचार्यांनी कृपणाची खोड मोडली आहे.

‘लीलावती’तील कोड्यांचे वर्गीकरण त्यामागील रीतीनुसार करता येते. पहिला वर्ग विलोमविधीचा, म्हणजे उलट क्रमाने उकलण्याचा. एका संख्येला ३ ने गुणले, गुणाकारात त्याचाच तीन-चतुर्थांश मिळवला, ७ ने भागले, भागाकारातून त्याचा एक-तृतीयांश वजा केला, आलेल्या संख्येचा वर्ग केला, त्यातून ५२ वजा केले, वर्गमूळ काढले, ८ मिळवले आणि १० ने भागले, तर उत्तर २ येते. मूळ संख्या कोणती? शेवटाकडून निघून गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी व वर्गाच्या जागी वर्गमूळ घेत गेले, की २८ ही संख्या हाती लागते. ‘मनात एक संख्या धर’ या घरोघरच्या खेळामागे हेच तत्त्व आहे.

दुसरा वर्ग वर्गमूळ असलेल्या प्रश्नांचा. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्या संख्येचे वर्गमूळ जितके, तितके भुंगे मालतीकडे गेले. संपूर्ण थव्याचे आठ-नवमांश भुंगे त्यांच्यामागून गेले. सुगंधाला भुलून रात्री कमळात अडकलेला एक भुंगा आत गुणगुणतो आहे आणि त्याची भुंगी बाहेरून साद देते आहे. थवा ७२ भुंग्यांचा आहे: ६, ६४ आणि हे दोघे.

तिसरा वर्ग काटकोन त्रिकोणाचा. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. बिळापासून २७ हातांवर असलेला साप बिळाकडे निघतो. मोर तिरपी झेप घेतो आणि दोघे सारखेच अंतर तोडतात. गाठ कोठे पडेल? खांबाच्या उंचीचा वर्ग ८१; त्याला २७ ने भागले की ३; ते २७ मधून वजा करून निम्मे केले की १२. बिळापासून १२ हातांवर मोर सापाला गाठतो. तेथपर्यंत दोघांनीही १५ हात अंतर कापलेले असते.

चौथा वर्ग मांडणी व निवड यांचा. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधे परस्परांत बदलून मूर्तीचे किती प्रकार होतील? उत्तर ३६,२८,८०० आहे. चार हातांच्या विष्णूचे मात्र चोवीसच. दोन मूर्तींच्या हातांत सहाचाच फरक असताना प्रकारांची संख्या दीड लाख पटींनी वाढते, हे या गणनेतील नवल. सहा रसांपासून एक-एक, दोन-दोन अशा क्रमाने ६३ मिश्रणे होतात, तर राजवाड्याच्या आठ झरोक्यांपैकी एक किंवा अधिक उघडण्याचे २५५ प्रकार होतात. या रीतीचा उपयोग छंदःशास्त्र, शिल्प व वैद्यक यांत होतो, असे आचार्यांनीच नमूद केले आहे.

‘बीजगणित’ या भागात कोडी अधिक गहन होतात. वानरांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेले बारा टेकडीवर कलकलाट करीत आहेत. कळप १६ वानरांचा किंवा ४८ वानरांचा असू शकतो. दोन्ही उत्तरे आचार्यांना मान्य आहेत. दुसऱ्या कोड्यात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला आणि एक वानर बाहेर दिसते. गणिताने ५० व ५ ही दोन उत्तरे येतात. पाचाचा पंचमांश एक. त्यातून तीन वानरे वजा होणार कशी? म्हणून ५ हे उत्तर त्यांनी त्याज्य ठरवले. समीकरण सुटले, तरी उत्तर व्यवहाराच्या कसोटीला लावले पाहिजे, हा विवेक येथे दिसतो.

याच भागात चक्रवाल पद्धती आहे. तिने सुटणारा एक प्रश्न असा: ज्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो, ती शोधायची. प्रश्न एका ओळीचा. परंतु सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० या संख्येचा वर्ग, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा. फ्रान्समधील गणितज्ञ फेर्मा यांनी इ.स. १६५७ मध्ये हाच प्रश्न समकालीनांना आव्हान म्हणून घातला. भास्कराचार्यांनी तो पाच शतके आधी सोडवला होता.

‘लीलावती’चा प्रवासही मोठा आहे. कोकणातील गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात त्यावर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने इ.स. १५८७ मध्ये त्याचे फारसी भाषांतर केले. लीलावती ही आचार्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती पडल्याने तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला, ही कथा त्या भाषांतरातून प्रसृत झाली. कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत ना. ह. फडके यांच्या ‘लीलावती पुनर्दर्शन’ने हा ग्रंथ अर्थ व उपपत्तीसह उपलब्ध करून दिला.

या कोड्यांचे खरे मूल्य अध्यापनात आहे. प्रत्येक कोड्यामागे नियम आहे आणि प्रत्येक उत्तराचा ताळा घेता येतो. त्यामुळे शिकणाऱ्याला गुरूच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. वाचकांनी स्वतः करून पाहावे असे एक उदाहरण ‘लीलावती’तूनच घेऊ. सपाट जमिनीवरचा ३२ हात उंच बांबू वाऱ्याने एका ठिकाणी मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तो किती उंचीवर मोडला? मोराच्या कोड्यातील रीत येथे जशीच्या तशी लागू पडते आणि उत्तर पूर्णांकात येते.