सीमेपाशी अडणारी गाडी

जानेवारी २०२५ या एकाच महिन्यात कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी आपापल्या सरकारी गाड्यांचे भाडे वाढविले. ५ तारखेस कर्नाटकाने १५ टक्क्यांची वाढ केली, तर २५ तारखेस महाराष्ट्राने १४.९५ टक्क्यांची. बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यातील प्रवाशाने या योगायोगाकडे मोठ्या कौतुकानेच पाहिले असेल. जी दोन राज्ये साठाहून अधिक वर्षे एका नकाशावर एकमत करू शकली नाहीत, ती भाडेवाढीच्या प्रश्नावर तीन आठवड्यांच्या आत जणू एकमुखाने बोलली! भाडे वाढविताना जी एकवाक्यता साधते ती वेळापत्रक आखताना का साधू नये, एवढाच साधा प्रश्न आम्हांस आज दोन्ही सरकारांपुढे ठेवावयाचा आहे.

या प्रश्नाचे मूळ १ नोव्हेंबर १९५६ या दिवसात आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस.टी. धावली, तेव्हा बेळगाव जिल्हा त्याच राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्याकडे गेला. मात्र त्यातील चंदगड तालुका वगळण्यात आला आणि तो कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी व खानापूर महाराष्ट्रास द्यावे आणि बेळगाव आहे तेथेच राहावे अशी शिफारस केली. ती महाराष्ट्राने मानली नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वादाचा निवाडा व्हायचा तेव्हा होईल. पण सकाळी सातची गाडी निवाड्यासाठी खोळंबून राहू शकत नाही, आणि त्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाचे आयुष्य तर मुळीच नाही.

सीमा आखणाऱ्यांनी रेघ ओढली, पण माणसांची जाण्यायेण्याची वाट बदलली नाही. निपाणीची पेठ, तेथील तंबाखूचा व्यापार, लग्नसंबंध, दवाखाना आणि वरचे शिक्षण या सर्वांचे तोंड कोल्हापूरकडे आहे. आणि कोल्हापूर तेथून अवघे चाळीस किलोमीटर. उलट बेळगाव पाऊणशे किलोमीटरवर असले, तरी जिल्ह्याच्या कचेरीसाठी बेळगावकडेच धाव घ्यावी लागते. चंदगडची गोष्ट नेमकी याच्या उलट. तो तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, पण तेथील शेतकऱ्याची बाजारपेठ बेळगाव. आजारी माणसास गाडीत घालावयाचे तर तेही बेळगावासच. म्हणजे कर्नाटकातील निपाणीकरास महाराष्ट्राची वाट हवी आणि महाराष्ट्रातील चंदगडकरास कर्नाटकाची. या देवाणघेवाणीत कोणी कोणावर उपकार करीत नाही. दोन्ही सरकारांनी हे एकदा मनाशी मान्य केले, तर पुढचे पुष्कळसे काम हलके होईल.

आंतरराज्य गाडी सुटते कशी, हे सामान्य प्रवाशास सहसा ठाऊक नसते. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ८८ व्या कलमानुसार दोन राज्यांना परस्पर करार करावा लागतो, त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर हरकती मागवाव्या लागतात. कोणत्या मार्गावर कोणी किती फेऱ्या करावयाच्या हे त्यात ठरते आणि तुमचे किलोमीटर तितके आमचे, असा बरोबरीचा हिशेब पाहिला जातो. हिशेब म्हणून त्यात वावगे काहीच नाही. पण किलोमीटर मोजूनच वाटा ठरू लागला की स्वाभाविकपणे लांब पल्ल्याच्या गाड्यांना महत्त्व येते. पुणे-बंगळूर महामार्गावरून धावणारी मोठी गाडी दोन्ही महामंडळांना हवीशी वाटते. कोगनोळी, सौंदलगा, यमगर्णी येथील थांब्यावर उभ्या असलेल्या माणसास मात्र ती धुरळा तेवढा देऊन जाते. त्याला हवी असते साधी, थांबत जाणारी, ठराविक वेळेस येणारी गाडी. आणि जी गाडी पंचवीस-तीस किलोमीटरच धावते, ती कराराच्या वहीत फार मोठी दिसत नाही.

जेथे सरकारी गाडी वेळेवर येत नाही तेथे वडाप येते. वडापवाल्यास दोष देणे सोपे आहे. पण तो रिकाम्या जागेतच उभा राहिलेला असतो. दहा माणसांच्या जीपमध्ये अठरा माणसे कोंबून नेण्याचे धाडस प्रवासी हौसेने करीत नाहीत. शिवाय वडाप भरल्याखेरीज निघत नाही, रात्री आठनंतर दिसत नाही आणि विद्यार्थ्याचा पास मानीत नाही. सायंकाळी शिकवणी संपवून खेड्यात परतणाऱ्या मुलीच्या दृष्टीने शेवटची गाडी म्हणजे तिच्या शिक्षणाची मुदत असते. ती गाडी आठ दिवसांत तीनदा चुकली की घरात चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेचा शेवट बहुधा एकच असतो. एखादी फेरी तोट्यात चालते म्हणून बंद करताना या तोट्याची नोंद कोणत्या खात्यात होते, हे महामंडळांच्या हिशेबतपासनिसांनी एकदा सांगावे.

सवलतींची कथा तर याहून विलक्षण आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राने आपल्या एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट केले. ११ जून २०२३ पासून कर्नाटकाने ‘शक्ती’ योजनेखाली आपल्या राज्यातील स्त्रियांना साध्या गाड्यांतून मोफत प्रवास दिला. दोन्ही योजना स्तुत्य आहेत. घराबाहेर पाऊल टाकण्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा न लागणे ही लहान गोष्ट नव्हे. पण निपाणीच्या बिडीकामगार स्त्रीला कोल्हापूरच्या रुग्णालयात जावयाचे असेल, तर तिने काय करावे? महाराष्ट्राच्या गाडीत बसली तर हद्दीपर्यंत पूर्ण भाडे आणि तेथून पुढे अर्धे. कर्नाटकाची मोफत योजना कोल्हापूरपर्यंत पोचतच नाही. चंदगडची स्त्री बेळगावास निघाली आणि कर्नाटकाच्या गाडीत बसली, तर ती त्या राज्याची रहिवासी नाही म्हणून पूर्ण भाडे. दोन सरकारे दोन्ही हातांनी देत आहेत आणि सीमेवरची बाई दोन हातांच्या मधल्या फटीत उभी आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, वातावरण तापले की पहिला दगड गाडीवर पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावनजीक हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि एस.टी.च्या फेऱ्या थांबविण्यात आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात भाषेवरून झालेल्या वादात कर्नाटकाच्या वाहकास मारहाण झाली, पुढे चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले आणि पुन्हा सेवा बंद पडली. आम्ही येथे स्पष्ट सांगतो की, वाहकाने कोणत्या भाषेत तिकीट विचारले म्हणून त्याच्यावर हात उगारणारा मराठीचा अभिमानी नव्हे, आणि चालकास काळे फासणारा कन्नडचाही नव्हे. खाकी कपड्यांतला तो माणूस पगारासाठी पहाटे घर सोडतो. त्याला कोणत्याही सरकारने सीमावादात वकीलपत्र दिलेले नाही.

भाषेचा प्रश्न सुटू शकणार नाही असाही नाही. गाडीच्या पाटीवर कन्नड असावे याबद्दल वाद नाही. ती त्या राज्याची राजभाषा आहे. पण जिल्ह्याच्या लोकसंख्येत १५ ते २० टक्के भाषिक अल्पसंख्य असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे तत्त्व १९५६ च्या केंद्र सरकारच्या निवेदनातच मान्य झाले आहे. स्थानकातील वेळापत्रक आणि गावांची नावे मराठीतही लावल्याने कोणत्याही राज्याची सत्ता डळमळीत होत नाही. तोच न्याय कोल्हापूर आणि गडहिंग्लजच्या स्थानकांवर कन्नड प्रवाशासही मिळाला पाहिजे. म्हातारीस गाडी कळावी एवढाच पाटीचा हेतू असतो.

तेव्हा करावे काय? आमच्या मते चार गोष्टी आजच्या आज हाती घेता येतील आणि त्यांपैकी एकीलाही न्यायालयाच्या निकालाची गरज नाही. निपाणी, संकेश्वर, चिकोडी व बेळगाव येथील आगारव्यवस्थापकांनी कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, आजरा व चंदगडच्या आगारव्यवस्थापकांसह दर तीन महिन्यांनी एकत्र बसावे आणि गाड्यांच्या वेळा वाटून घ्याव्यात, म्हणजे दोन राज्यांच्या दोन गाड्या एकामागोमाग निघून पुढे तासभर थांबा ओस पडणार नाही. पहाटेची पहिली, शाळा-महाविद्यालयाच्या वेळेची आणि रात्रीची शेवटची या फेऱ्या भारमान न पाहता चालवाव्यात. मुक्कामी गाड्यांची जुनी पद्धत जेथे मोडली असेल तेथे ती पुन्हा सुरू करावी. सीमेपासून ठराविक अंतरापर्यंत, समजा चाळीस-पन्नास किलोमीटर, दोन्ही राज्यांनी एकमेकांचे विद्यार्थी पास व स्त्रियांच्या सवलती मान्य कराव्यात आणि पैशांचा हिशेब वर्षाअखेरीस आपसांत मिटवावा. बँका रोज जे करतात ते दोन महामंडळांस वर्षातून एकदा अशक्य नसावे. चौथी गोष्ट म्हणजे रद्द झालेल्या फेऱ्यांची यादी रोज स्थानकाच्या फळ्यावर लावावी. जे अपयश लोकांना दिसते, ते सुधारण्याची घाई अधिकाऱ्यास आपोआप होते.

यात आमचा काय संबंध, असे एखादा गोमंतकीय वाचक विचारील. संबंध जवळचा आहे. गोवामुक्तीच्या चळवळीस बेळगावने आसरा दिला. १९५५ साली सीमा बंद झाली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत वाट बंद पडणे म्हणजे काय असते हे या किनाऱ्याने सोसले आहे. पुढे १९८० साली आपले कदंब महामंडळ उभे राहिले; आज चोर्ला आणि अनमोड घाटांतून आपली भाजी, आपले पाहुणे आणि आपले रुग्ण याच बेळगावच्या वाटेने येतात-जातात. निपाणीहून राधानगरी आणि फोंडा घाटमार्गे देवगडास जाणारा रस्ताही या पट्ट्याला कोकणाशी जोडतो. देशाच्या दोन राज्यांमध्ये परक्या सत्तेची हद्द नाही. मग निपाणीच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलीने आपली गाडी आज येईल की नाही याची चिंता का करावी? दोन्ही राज्यांच्या परिवहनमंत्र्यांनी एकदा साध्या गाडीचे तिकीट काढून, कोणालाही न सांगता, बेळगाव ते कोल्हापूर प्रवास करावा. त्यांचा अहवाल आम्ही याच स्तंभात आनंदाने छापू.