आधी टायर, मग ब्रेक ऑइल. लाल कॅलिपर सगळ्यात शेवटी

चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या दोन सेडानवर वेगाची आवड असणाऱ्यांचा भारी जीव आहे: फोक्सवॅगन व्हर्टुस जीटी आणि १.५ लिटर इंजिनाची स्कोडा स्लाव्हिया. दोघी २०२२ मध्ये बाजारात आल्या. १५० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक! तेव्हापासून मालकांचा एकच प्रश्न: मागे डिस्क बसवायची का? पुढे मोठे कॅलिपर टाकायचे का? खिशात हात घालण्याआधी ब्रेकच्या दुनियेतल्या या गमती वाचा. खर्चाचा क्रम बदलण्याची दाट शक्यता आहे.

तुमच्या गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र इंजिन नाही, ब्रेक आहेत. माणसांसकट १४०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून तीन सेकंदांत थांबवली, तर ब्रेक सरासरी २४० पीएसहून जास्त ताकदीने काम करतात. त्या एका थांबण्यात निर्माण होणाऱ्या उष्णतेने पावणेदोन लिटर पाण्याला उकळी फुटेल. आणि वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. ५० आणि १०० मधला फरक पायाला जाणवतो त्याहून कितीतरी मोठा आहे.

पण गाडी थांबवतो कोण? ब्रेक चाकाला थांबवतात, गाडीला टायर थांबवतात. कोरड्या रस्त्यावर पेडल जोरात दाबल्यावर पायाखाली एबीएसची थरथर जाणवली, तर त्याचा अर्थ सरळ आहे: टायरला जेवढं पेलवतं त्याहून जास्त जोर तुमच्या ब्रेकमध्ये आधीच आहे. तिथे दोन लाखांचे कॅलिपर लावूनही पहिल्या थांबण्याचं अंतर कमी होणार नाही. चांगल्या पकडीचे टायर लावले तर होईल, आणि पावसात तर नक्कीच. टायरच्या भिंतीवर चार आकडी शिक्का शोधा. २३२२ असेल तर तो टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. खोबणीत मधूनमधून रबराचे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.

आता त्या बिचाऱ्या ड्रमबद्दल. ब्रेक मारला की गाडी नाकावर झुकते, वजन पुढे धावतं. पुढे इंजिन असलेल्या अशा सेडानमध्ये कडक ब्रेकच्या वेळी पुढच्या चाकांवर साधारण ८० टक्के भार येतो. मागच्यांच्या वाट्याला उरतो पाचवा हिस्सा, आणि तेवढं काम ड्रम निमूटपणे करतो. ड्रमचा खरा दोष वेगळा आहे. तापला की तो फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, त्यामुळे पेडल खोल जाऊ लागतं. डिस्क तापली की जाडीने वाढते, म्हणजे पॅडकडेच सरकते. तरीही ड्रम कालबाह्य मानू नका. फोक्सवॅगनने आपल्या आयडी-४ या विजेच्या गाडीला मागे मुद्दाम ड्रम दिले. तिथे वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते; कमी वापराने उघडी डिस्क गंजली असती, बंदिस्त ड्रम टिकतो.

घाटात मात्र हिशेब फिरतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. त्या उतरण्याची ऊर्जा म्हणजे १०० च्या वेगावरून चौदा वेळा पूर्ण थांबणं! त्यातली थोडी हवेचा विरोध खातो. बाकीची इंजिनाने खायची की ब्रेकने, हे तुमच्या गिअरवर ठरतं. न्यूट्रलमध्ये उतरलात तर सगळा बोजा ब्रेकवर. ब्रेक दमतात ते इथे, आणि सुधारणेचा पैसा वसूल होतो तोही इथेच.

सगळ्यात स्वस्त सुधारणा बाटलीत मिळते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हद्द १५५ वर घसरू शकते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडून थेट तळाला जातं. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं. ते यांत कधीही मिसळू नका. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, कोकणात राहत असाल तर एक दिवसही लांबवू नका. आणि बॉनेटवर सांडू देऊ नका, रंग उतरतो.

पॅडचा उगम तर फारच भन्नाट. इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये गाडीवान उतारावर चाकाला जुने बूट लावून वेग आवरत, असं सांगतात. ते पाहून हर्बर्ट फ्रूडच्या डोक्यात कल्पना आली, आणि १८९७ मध्ये त्याने घर्षणाचं सामान बनवायचा उद्योग काढला. तीच आजची फेरोडो. कित्येक पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात: पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. एफ-एफ म्हणजे दोन्ही वेळा ०.३५ ते ०.४५. जी त्याच्या वरचं. शर्यतीचे पॅड मात्र रोजच्या गाडीला नकोत, गरम होईपर्यंत ते नीट धरतच नाहीत.

भोकं पाडलेल्या डिस्का दिसतात झकास. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर गॅस सुटायचा, त्याला वाट म्हणून ती भोकं आली. आताच्या पॅडना त्यांची फारशी गरज नाही, उलट बिडाच्या डिस्कला त्यांच्याच कडेने तडे जातात. फॉर्म्युला वनच्या कार्बन डिस्कला हजाराहून जास्त भोकं असतात, पण ती कडेतून आत जाणारी, हवा खेळवण्यासाठी.

मोठी डिस्क हवीच असेल तर जरूर घ्या. जग्वारने १९५३ ची ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्याच बळावर मारली होती. वारंवार कडक ब्रेक मारणाऱ्याला मोठ्या डिस्कचा फायदा होतो, कारण तिच्यात जास्त उष्णता मावते. पण पुढच्या कॅलिपरचे पिस्टन मोठे आणि मास्टर सिलिंडर जुनाच, असं झालं तर पेडल लांबतं आणि मागचे ब्रेक आळशी होतात. थांबण्याचं अंतर वाढूही शकतं! म्हणून नेमका तुमच्या मॉडेलसाठी जुळवलेला संच घ्या आणि विमा कंपनीला कळवा. मोठा कॅलिपर १६ इंची चाकात बहुधा मावत नाही. त्यासाठी अनेक कंपन्या कॅलिपरच्या आकाराचा कागदी साचा देतात. तो छापा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, चाकाच्या आतून फिरवून बघा आणि मगच ऑर्डर द्या.