धारपांच्या कपाटासमोर

नारायण धारप (२७ ऑगस्ट १९२५ – १८ ऑगस्ट २००८) यांच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके आहेत आणि त्यांतील बहुतेक भयकथेच्या प्रांतातली आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाला अभिमानाची वाटत असली, तरी वाचनालयाच्या कपाटासमोर उभ्या राहिलेल्या नवख्या सभासदाला ती अडचणीचीच असते. पाच-सहा पुस्तके लिहिणारा लेखक सगळा वाचून होतो. शंभर लिहिणारा निवडूनच वाचावा लागतो, कारण एवढ्या पसाऱ्यात उत्तम, बेताचे आणि घाईत उरकलेले असे तिन्ही प्रकारचे लेखन शेजारी शेजारी बसलेले असते आणि मलपृष्ठावरचा मजकूर तिन्हींची सारखीच भलावण करतो. त्यातून ‘सैतान’, ‘चेटकीण’, ‘बळी’, ‘ग्रास’, ‘द्वैत’, ‘शपथ’ अशी एका शब्दाची शीर्षके एका ओळीत लागली, की नावावरून काही ताडण्याची सोयही उरत नाही.

निवडीपूर्वी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. भयकथा, गूढकथा आणि रहस्यकथा हे तीन शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, परंतु त्यांची वाचकाशी होणारी बोली वेगवेगळी आहे. रहस्यकथेत कोणीतरी माणूस गुन्हेगार असतो आणि शेवटी तो सापडतो. हजारांवर पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक या घराण्यातले. गूढकथेत घडलेल्या गोष्टीचा उलगडा अर्धाच होतो आणि उरलेला अर्धा वाचकाच्या मनात घर करून राहतो. रत्नाकर मतकरींच्या ‘खेकडा’सारख्या कथांचे बळ त्या अर्ध्या उलगड्यात आहे. भयकथेत मात्र अनिष्ट शक्ती खरोखरच अस्तित्वात असते, ती पात्रांच्या दिशेने सरकत असते, आणि ती येणार की नाही हा प्रश्न नसून ती केव्हा आणि कोठून येणार एवढाच प्रश्न असतो. धारप प्रामुख्याने या तिसऱ्या प्रांताचे लेखक, त्यामुळे मतकरींची सवय असलेल्या वाचकाने धारपांत अर्धा उलगडा शोधला तर त्याची निराशा होते आणि दोष लेखकाच्या माथी जातो.

ठाण्यातल्या नौपाड्यासारख्या वस्तीत हे लेखन ज्या वाटेने पोचले, त्या वाटेनेच त्याला बरेचसे रूप दिले आहे. ठाणे हे वाचनालयांचे जुने शहर आहे: नगर वाचन मंदिर १८५० मधले, तर ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले, पलीकडे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे. या मोठ्या संस्थांच्या जोडीला गल्लीतल्या छोट्या लायब्रऱ्या होत्या, ज्यांत अनामत रक्कम ठेवून महिन्याची वर्गणी भरली की एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक घरी नेता येत असे. संध्याकाळची लोकल पकडून ठाण्याला उतरायचे, स्टेशनवरून गोखले रोडने किंवा राम मारुती रोडने घरी जाताना पुस्तक बदलून घ्यायचे आणि जेवणे आटोपल्यावर ते हातात धरायचे, हा दिनक्रम असलेल्या वाचकाला एक-दोन बैठकींत संपणारी, पहिल्या काही पानांतच पकड घेणारी आणि उद्या परत करताना खंत न वाटणारी कादंबरी हवी असे. धारपांच्या बहुतेक कादंबऱ्या या मापाच्या आहेत. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी भय, रहस्य आणि विज्ञान या प्रकारांना मानाची जागा दिल्यामुळे कथेलाही असाच नियमित वाचक मिळाला. ‘पल्प’ हा शब्द पाश्चात्त्य देशांत हलक्या कागदावरच्या स्वस्त, सनसनाटी पुस्तकांसाठी वापरला जातो; मराठीत त्याच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे हे लायब्ररीचे पुस्तक, फक्त ते स्वस्त असण्यापेक्षा टिकाऊ असणे गरजेचे होते, म्हणून जाड पुठ्ठा, कापडी कणा आणि टोचून घट्ट शिवलेली पाने असा त्याचा थाट असे. तशा शिवणीत आतल्या बाजूची अक्षरे कण्यात गडप होतात आणि पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावे लागते, ही त्या काळच्या वाचकाची तक्रार रास्तच म्हणावी लागेल.

आता प्रश्न सुरुवातीचा. बहुतेक जाणकार बोट दाखवतात ते समर्थांकडे. समर्थ हा धारपांचा सर्वांत प्रसिद्ध नायक, आध्यात्मिक सामर्थ्याच्या बळावर अमानवी शक्तींशी झुंज देणारा. आणि अप्पा जोशी हा त्याचा सोबती. इंग्रजी साहित्यात अल्जरनॉन ब्लॅकवूड यांचा जॉन सायलेन्स (१९०८) किंवा विल्यम होप हॉजसन यांचा कारनॅकी हे भुताखेतांची प्रकरणे हाताळणारे नायक याच जातीचे, आणि त्यांची परंपरा शेरलॉक होम्स–वॉटसन या जोडीशी नाते सांगते: एक जाणणारा, दुसरा आपल्यासारखाच चकित होणारा. समर्थकथांची लोकप्रियता समजण्याजोगी आहे, परंतु पहिले पुस्तक म्हणून त्या घेऊ नयेत असे म्हणणे भाग आहे. समर्थ आले की संकट टळणार हे वाचकाला ठाऊक असते, आणि ज्या क्षणी ते ठाऊक होते त्या क्षणी भीतीची जागा दिलासा घेतो. दिलासा ही वाईट चीज नव्हे, कित्येक वाचक त्यासाठीच भयकथा वाचतात; पण धारपांची खरी ताकद ज्यात आहे ते या कथांत सर्वांत कमी दिसते.

ती ताकद लांबणीवर टाकण्यात आहे. मराठी माणसाला भुतांची एक तयार यादी परंपरेने मिळालेली आहे: मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, खवीस, वेताळ, ब्रह्मसमंध, कोकणात देवचार, प्रत्येकाची जागा ठरलेली, खोड ठरलेली आणि उतारा ठरलेला. धारप या यादीवर सहसा विसंबत नाहीत. त्यांची अनिष्ट शक्ती पुष्कळदा बिननावाची असते, कधी ती आपल्या जगाला चिकटून असलेल्या पण आपल्याला न दिसणाऱ्या एखाद्या मितीतून, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीच्या पलीकडच्या दिशेने, आत शिरते, आणि तिला नाव नसल्यामुळे तिच्यावर उताराही नसतो. अशा शक्तीला प्रवेश द्यायचा तर तिच्या सभोवतीचे सगळे नेहमीचे असावे लागते. म्हणून वारशाने आलेले घर, स्वस्तात मिळालेला बंगला, गावाबाहेरचा वाडा, नोकरीनिमित्त आलेले कुटुंब यांच्यापासून त्यांची कथा सुरू होते आणि बरीच पाने काहीच विशेष घडत नाही. ‘४४० चंदनवाडी’ या कादंबरीच्या तर शीर्षकातच भूत नाही, नुसता पत्ता आहे. ठाण्यातल्या घंटाळी किंवा विष्णुनगरमधल्या एखाद्या जुन्या दुमजली इमारतीत, जिन्यावरचा दिवा गेलेला असताना, असा पत्ता जितका बोचतो तितका कोणताही सैतान बोचत नाही.

म्हणून सुरुवात कथांपासून करावी, आणि त्यातही ‘अनोळखी दिशा’ या नावाने निघालेल्या संग्रहांपासून. कादंबरीत लेखकाला शेवट गुंडाळावाच लागतो आणि धारपांचा शेवट हा त्यांचा दुबळा भाग आहे. दीडशे पाने ज्याने श्वास रोखून धरलेला असतो ते संकट कित्येकदा मंत्राने, तेजाने किंवा आगीने पाच पानांत निकालात निघते. कथेत ही सक्ती नसते. दार उघडते आणि कथा तेथेच थांबते.

कथाकार धारपांचे सामर्थ्य मराठीबाहेर पोचले तेही एका कथेमुळेच. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे बीज १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने बर्वे यांना रात्री ऐकवलेल्या धारपांच्या गोष्टीत आहे, तर नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले. सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा पडद्यावर आला तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून अधिक गल्ला जमवला. चित्रपटात साखळदंडाने जखडलेली जी म्हातारी आहे, तिचे मूळ धारपांच्या ‘आजी’ या कथेत शोधले जाते, आणि त्या कथेचे मूळ पुन्हा स्टीफन किंग यांच्या आजीवरच्याच एका कथेत. अंथरुणाला खिळलेली, घरच्यांना जिची भीती वाटते अशी म्हातारी आणि तिच्यासोबत घरात एकटे राहिलेले लहान मूल, एवढ्यावर ती भीती उभी आहे. अमेरिकेतल्या एका गावातून ती मराठी माजघरात आली तेव्हा तिला फारसे बदलावेही लागले नाही.

येथे रूपांतराचा प्रश्न येतोच. ‘लुचाई’ ही कादंबरी किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) वर बेतलेली आहे आणि ‘शपथ’ ही ‘इट’ (१९८६) वर. हे समजल्यावर काही वाचक नाराज होऊन पुस्तक परत ठेवतात. ती नाराजी सर्वस्वी चुकीची नाही, कारण त्या काळच्या लोकप्रिय मराठी लेखनात मूळ कृतीचा निर्देश करण्याची शिस्त सैलच होती. तरीही रूपांतर म्हणजे नुसती नावे बदलणे असे समजणाऱ्याने या दोन पुस्तकांची अडचण ध्यानात घ्यावी. रक्तपिपासू मृतात्मा, ज्याला इंग्रजीत व्हॅम्पायर म्हणतात, तो क्रूसाला भितो, पवित्र पाण्याने भाजतो, आमंत्रणाशिवाय घरात शिरत नाही. त्याचे सगळे नियम ख्रिस्ती श्रद्धेवर आणि प्रेते पुरण्याच्या रिवाजावर उभे आहेत. जेथे बहुसंख्य लोक प्रेत जाळतात तेथे कबरीतून उठणार कोण? हा एक प्रश्न सोडवल्यावाचून ती कथा मराठी गावात उभीच राहू शकत नाही, आणि तो कसा सोडवला आहे हे पाहण्यासाठी तरी ‘लुचाई’ वाचावी. मूळ इंग्रजी आधी वाचलेल्यांनी तर अवश्य. ‘शपथ’ची अडचण निराळी: मूळ पुस्तक हजारावर पानांचे, लहानपणी एकत्र शपथ घेतलेल्या मित्रांना मोठेपणी गावी परत आणणारे. एवढा ऐवज मराठी वाचनालयाच्या मापात बसवताना जे गाळले गेले त्याची चुटपुट लागते, म्हणून ते उशिरा घेतलेले बरे.

‘ग्रहण’ ही कादंबरी २०१८ मध्ये झी मराठीवर मालिका होऊन आल्यामुळे पुष्कळांना ठाऊक आहे. मालिका पाहिलेल्याने पुस्तक निराळेच समजून हाती घ्यावे. ‘नेनचिम’सारखी विज्ञानकादंबरी भीतीच्या अपेक्षेने उघडू नये, एवढेच तिच्याविषयी येथे पुरे. उरलेल्या कादंबऱ्यांसाठी कपाटासमोर उभ्याउभ्या करता येण्याजोगी एक चाचणी आहे: पहिली दहा पाने चाळावीत आणि त्यांत घराचे, वाटेचे, सामानसुमानाचे वर्णन किती आहे आणि ‘भयानक’, ‘अमानुष’, ‘अघोरी’ ही विशेषणे किती आहेत याचा अंदाज घ्यावा. सामान जास्त असेल ते पुस्तक घरी न्यावे, विशेषणे जास्त असतील ते पुढच्या खेपेला ठेवावे. ही चाचणी दर वेळी खरी ठरेल असे नाही, पण मलपृष्ठापेक्षा ती नक्कीच प्रामाणिक आहे.

विकत घेणाऱ्यांसाठी औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) साकेत प्रकाशनाने धारपांची अनेक पुस्तके नव्या मुखपृष्ठांसह पुन्हा उपलब्ध केली आहेत. कागद स्वच्छ, टंक मोठा. जुन्या प्रती हव्या असतील तर डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने भरवलेल्या पुस्तक आदान-प्रदान प्रदर्शनांसारख्या ठिकाणी, जेथे घरातले पुस्तक देऊन दुसऱ्याचे घेता येते, त्या सापडण्याचा संभव जास्त, कारण पुनर्विकासाला इमारत जाताना माळ्यावरची पुस्तके सर्वांत आधी बाहेर पडतात.

अशा जुन्या प्रतीत आणखी एक गोष्ट सापडते. एका लेखकाची साठ-सत्तर पुस्तके वाचलेल्या सभासदाला शीर्षकावरून हे वाचले की नाही ते आठवत नसे, म्हणून तो आपली खूण करून ठेवी: कोणी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात आद्याक्षर, कोणी आपल्या सभासद क्रमांकाच्या पानावर पेन्सिलीचे टिंब, कोणी प्रकरणाच्या मथळ्याखाली बारीक फुली. ग्रंथपालाच्या नजरेतून निसटेल एवढीच ती खूण असे. एखाद्या कादंबरीत अशा पंधरा-वीस खुणा निघाल्या आणि त्यांपैकी एकच खूण, त्याच हस्ताक्षरातली, दोनदा केलेली आढळली, तर ते पुस्तक बेलाशक उचलावे; त्या वाचकाने ते वाचलेले असल्याचे कळूनही पुन्हा घरी नेलेले असते.