स्काऊटचे शहाणपण, टॉमचा जीव

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. एका गोऱ्या वकिलाची लहान मुलगी दुसऱ्याचे दुःख समजून घ्यायला शिकते, अशी तिची ओळख करून दिली जाते. ही ओळख खरी आहे, पण अपुरी आहे असे मला वाटते.

काळ १९३० नंतरचा. ठिकाण अलाबामा राज्यातले मेकॉम्ब हे काल्पनिक गाव. स्काऊट पहिलीत असते. वर्गातला एक गरीब मुलगा घरी जेवायला येतो, सगळ्या जेवणावर पाक ओततो. स्काऊट त्याला टोकते. तेव्हा तिला स्वयंपाकघरात बोलावून खडसावते ती कॅल्पर्निया, घरी काम करणारी काळी बाई. माणुसकीचा हा धडा या मुलीला शाळेत मिळालेला नाही, हे विसरता कामा नये.

पुढे टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा आळ येतो. टॉमचा डावा हात लहानपणीच कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालेला. मुलीला मारणारा मात्र डावखुरा असावा, असे तिच्या जखमा सांगतात. काळ्यांसाठी राखलेल्या सज्जात बसून स्काऊट हे ऐकते. तरीही गोऱ्यांची ज्युरी टॉमला दोषी ठरवते. नंतर तुरुंगातून पळताना त्याला सतरा गोळ्या लागतात.

हिटलर ज्यूंना छळतो म्हणून वर्गात हळहळणारी शिक्षिका कोर्टाबाहेर काळ्यांबद्दल विखारी बोलते. हे कसे, असा प्रश्न स्काऊटला पडतो. माझ्या मते ती खरी मोठी होते ती इथे. दया येणे वेगळे आणि दयेतला ढोंगीपणा ओळखणे वेगळे.

शेवटी ती बू रॅडली या एकलकोंड्या शेजाऱ्याच्या ओसरीवर उभी राहते आणि त्याच्या नजरेने गल्ली पाहते. पण बू गोरा आहे. टॉमच्या किंवा त्याच्या बायकोच्या ओसरीवर कादंबरी तिला असे उभे करीत नाही.

मग टॉमला काय वाचवू शकले असते? १९३१ साली अलाबामातच स्कॉट्सबरो प्रकरणात नऊ काळ्या मुलांवर असाच खोटा आळ घेतला गेला. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यापैकी एकाची शिक्षा रद्द केली, ती काळ्यांना ज्युरीतून पद्धतशीर वगळले होते म्हणून. तिथे कोणाचा कळवळा कामी आला नाही; हक्काचा मुद्दा कामी आला.

शिक्षक मित्रांनी ही कादंबरी जरूर शिकवावी. स्काऊटवर प्रेमही करावे. फक्त तास संपण्याआधी मुलांना एक प्रश्न विचारावा : ती शहाणी झाली, पण त्याची किंमत कोणी मोजली?